माझ्यासमोर सही केली

३ फेब्रुवारी, सोमवार

शिक्का आला! सकाळी अकरा वाजता, कुरिअरने, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. मला वाटलं होतं निदान डबीत तरी येईल. ते असो. गोल आहे, कडेने माझं नाव, मध्ये 'शपथ आयुक्त', खाली नियुक्तीचा क्रमांक. आधी वर्तमानपत्राच्या समासात मारून पाहिला, मग दुधाच्या बिलावर, मग ह्यांच्या मनगटावर. हे म्हणाले, "झालो का मी प्रमाणित?" मी म्हटलं, "मूळ प्रत पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

बत्तीस वर्षं वकीलसाहेबांकडे टाइप केलं. 'माझ्यासमोर सही केली' ही ओळ किती हजार वेळा टाइप केली असेल, देव जाणे. दर वेळी खालची जागा दुसऱ्याच्या सहीसाठी सोडायची. साहेबांकडे शिक्का मारायला जे गृहस्थ यायचे, ते मान वर न करता मारायचे. सही कोणी केली, कधी केली, करणारा जिवंत आहे की गेला, काही विचारायचे नाहीत. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की ही खुर्ची कधी मिळालीच, तर मी अशी बसणार नाही. आता बासष्टाव्या वर्षी मिळाली आहे. वकील नसताना मिळाली, हे इथे लिहून ठेवते, कारण आपणहून कोणाला सांगत सुटणं बरं दिसत नाही. (आज तिघींना सांगितलं.)

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला माणूस आला. मोटारसायकलची कागदपत्रं हरवल्याचं शपथपत्र. बाहेरच्या खोलीत टेबल खिडकीला लावलंय. माझ्यासाठी खुर्ची आहे, येणाऱ्यासाठी मुद्दामच नाही. शपथ उभ्यानेच घ्यायची, आणि तो उभा म्हणून मीही उभी. आधी ओळखपत्र पाहिलं, मग कागद त्याला स्वतःला वाचायला लावला, मग माझ्या मागून एकेक शब्द मोठ्याने म्हणायला लावला, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत सही. बिचारा घामाघूम झाला. जाताना म्हणाला, "बाई, कचेरीच्या फाटकापाशी ते छत्रीवाले साहेब अर्ध्या मिनिटात करून देतात."

छत्रीवाले साहेब म्हणजे फटाफट. त्यांना सगळे फटाफटच म्हणतात. समोर गठ्ठा ठेवला की ठप, ठप, ठप. तोंड दुसऱ्याच कोणाशी बोलत असतं.

मी म्हटलं, "मग तिकडे जायचं होतं." आज एकच माणूस आला, पण एकाचंच काम चोख झालं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवसांत पाच जण. एक नवराबायको शपथ घेता घेताच भांडले, कारण कागदात लिहिलेलं खरं आहे हे तिला मान्य नव्हतं. परत पाठवलं. हे आतून हसत होते. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला या कामातलं गांभीर्य कळणं कठीण आहे. "तू एवढी उभी राहतेस, गुडघा सुजेल," एवढंच ह्यांना सुचतं. गुडघा सुजलाच आहे, पण ह्यांना सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

समोरच्या इमारतीतली शिवणवाली आली होती. तळमजल्यावर तिची एकच खोली. पुढे मशीन, पडद्यामागे संसार. बोलता बोलता रडली. खोलीच्या मालकाने जागा सोडायची नोटीस काढलीय. तो म्हणतो की तिची आई तिथे कधी भाडेकरू नव्हतीच, ही दहा वर्षांपूर्वी येऊन घुसली. आई तिथे आधीपासून राहत होती हे दाखवता आलं, तर जागा हिच्याकडे राहते, नाही तर रस्त्यावर.

"आईच्या वेळच्या पावत्या नाहीत का?"

"पुराच्या वर्षी गेल्या, काकू. शेजारी होते तेही एकेक करून गेले. आता फक्त पोस्टमनकाका उरलेत."

पोस्टमनकाका तिच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याऐंशी. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं तिच्या आईची पत्रं त्यांनीच त्या खोलीच्या दारात दिली. त्यांच्या शपथपत्राएवढा भक्कम पुरावा दुसरा नाही. ते शुक्रवारी पाचच्या आत भाडे अधिकाऱ्याकडे दाखल झालं पाहिजे.

काका अंथरुणातून उठत नाहीत, इमारतीला लिफ्ट नाही. मी म्हटलं, "ते खाली येऊ शकत नसतील, तर मी वर जाईन. शुक्रवारी सकाळी दहा वाजता." कागद मीच टाइप करून दिला, आदल्या दिवशी वाचून ठेवा म्हणून सांगितलं. तिने माझे हात धरले. असे कोणी हात धरले की आपल्या कामाची किंमत कळते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. तरी मी निघणारच होते. पण दहा वाजता एक जण आला, साडेदहाला दोघे आले. टेबल सोडून कसं जायचं? अकराला काकांची सूनच खाली आली, हातात कागद. सही झालेली.

मी कडाडलेच. "माझ्यासमोर करायची असते सही! वाचून ठेवा म्हटलं होतं, करून ठेवा नव्हे!"

ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा म्हणाले, त्यांना कशाला चार जिने चढायला लावतेस. त्यांचा गुडघा दुखतो."

माझा गुडघा दुखतो हे वरपर्यंत पोचलंय म्हणजे.

कागद परत द्यायला हात पुढे केला, आणि सही नीट पाहिली. काकांची सही मी ओळखते. त्यांच्या पेन्शनचा अर्ज मीच टाइप केला होता. शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढायची त्यांची सवय. तीच सही, आणि काय सुबक! चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हात जरासुद्धा थरथरलेला नाही, शेपूट सरळ रेषेत. तरुण मंडळींनी आदर्श घ्यावा असं अक्षर. सहीबद्दल शंकाच नव्हती, मजकूर खरा, माणूस खरा. फक्त चार जिने मध्ये होते. आणि पाचच्या आत कागद पोचायचा होता.

मारला शिक्का. 'माझ्यासमोर सही केली', खाली माझी सही.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "काकांना पेन धरता येतं अजून? मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा पाण्याचा पेलाही सूनच तोंडाला लावत होती."

मी म्हटलं, "तुम्हाला अक्षरातलं काय कळतंय?" ह्यांनी आमटी वाढून घेतली.

कागद साडेचारला दाखल झाला. एक घर वाचलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नोंदवही पूर्ण केली. शुक्रवारच्या त्या नोंदीत 'सही कोठे घेतली' हा रकाना तेवढा रिकामा राहिलाय. उद्या भरते.

४ मार्च, मंगळवार

रकाना अजून रिकामाच. आज एका पोरसवद्या नवऱ्या मुलावर खेकसले, पेन घरून का आणलं नाही म्हणून. हे म्हणाले, "बरं नाही का तुला?" मला उत्तम बरं आहे.

१० मार्च, सोमवार

भाडे अधिकाऱ्याकडे पहिली तारीख झाली. मालकाच्या वकिलाने मुद्दा काढला की साक्षीदार वर्षभर अंथरुणात आहे, मग त्याने आयुक्तांसमोर सही केली ती कधी आणि कुठे? आयुक्तांनी स्वतः येऊन सांगावं. मला चोवीस तारखेची नोटीस.

शिवणवाली मात्र खुशीत आहे. "बरंच झालं काकू, तुम्हीच येताय. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार? नुसतं हो म्हटलं की झालं."

ती गेल्यावर मी नोंदवही उघडून बसले. हो म्हणायचं, एवढंच. काका हो म्हणतील, सून हो म्हणेल. कोणाला कधी कळणार नाही. त्या वकीलसाहेबांकडच्या गृहस्थांना बत्तीस वर्षांत कोणी काही विचारलं होतं का?

आणि त्यांना मी इतकी वर्षं मनातल्या मनात नावं ठेवली.

त्या शुक्रवारी टेबलापाशी कोणीही आलं नसतं, तरी मी वर गेले नसते. हे लिहिताना लाज वाटते. मला गुडघ्याच्या दुखण्यापेक्षा टेबलाचं अप्रूप जास्त होतं. माणसं माझ्यासमोर येऊन उभी राहतात, त्याची चटक लागली होती.

११ मार्च, मंगळवार

आज चढले. ह्यांनी घडीचं स्टूल काखेत मारलं आणि दर जिन्याच्या वळणावर माझ्यासाठी मांडलं. मी म्हटलं, "बोला की, सांगितलं होतं म्हणून." हे म्हणाले, "आधी चढ."

काका खाटेवर. दोन्ही हातांची बोटं तळव्यात वळलेली, उघडतच नाहीत. ते हात पाहिले आणि तोंडात मारल्यासारखं झालं. सून दारातच रडायला लागली. दुधाच्या हिशेबाच्या कागदांवर दोन दिवस सही गिरवली म्हणाली, पेन्शनच्या पुस्तकावरची पाहून. "त्यांनीच हो म्हटलं, काकू. आणि ती खरंच रस्त्यावर आली असती."

काकांचा आवाज बारीक झालाय, पण शब्द स्वच्छ. "पोरी, मी नोकरीत कोणाचंही रजिस्टर पत्र दुसऱ्याच्या सहीवर दिलं नाही. लोक चिडायचे. बायको घरात नाही, मीच करतो की तिची सही, म्हणायचे. मी पत्र परत न्यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचो. आणि म्हातारपणी माझीच सही दुसऱ्याने केली, मी मान हलवली. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही."

"काका, पेन धरता येत नसेल तर अंगठा चालतो. कागद वाचून दाखवायचा, तुम्ही समजला म्हणायचं, आणि अंगठा. नियमातच आहे तसं. मी वर आले असते, तर त्याच दिवशी घेतला असता."

"मग आता घे."

"माझ्याकडून नाही चालणार. मला आधी माझंच लिहून द्यायचंय."

१२ मार्च, बुधवार

शिवणवालीला सांगितलं. तिने मशीन थांबवलं नाही. शिवण पुरी करून मगच वर पाहिलं.

"एक हो म्हणायचं होतं तुम्हाला. एक शब्द. माझी आई इथेच राहिली, हे खोटं आहे का?"

"नाही."

"मग? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी घर घालवू?"

काकांचा अंगठा घेतलेला नवा कागद देऊ म्हटलं, तर ती म्हणाली, मुदत गेलीय, तो घेतील कशावरून. तेही बरोबर आहे. अधिकाऱ्याने नवा कागद नाकारला, तर तिची जागा जाईल आणि ती माझ्यामुळे जाईल. दिवसभर दोन्ही बाजूंनी विचार केला. हो म्हटलं तर तिचं घर शाबूत. पण मग उद्यापासून त्या टेबलापाशी दुसऱ्याला शपथ कोणत्या तोंडाने देऊ? आणि पुढे कधी खोटं उघडं पडलं, तर जागा जाईलच, वर सूनही अडकेल.

ह्यांना विचारलं, तुम्ही काय केलं असतं? हे म्हणाले, "मी एकदा सायकलवाल्याला घासून गेलो होतो. कोणी पाहिलं नव्हतं. डेपोत जाऊन सांगितलं." चाळीस वर्षांच्या संसारात हे मला आज पहिल्यांदा कळलं.

१४ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस सविस्तर लिहिणार आहे.

गावात दुसरे आयुक्त म्हणजे फटाफट. छत्रीखाली जाऊन उभी राहिले. दोन शपथपत्रं टाइप करून नेली होती, एक काकांचं, एक माझं स्वतःविरुद्धचं. त्यांनी मान वर न करता हात पुढे केला. "ठेवा बाई, पाच मिनिटांत देतो."

"तुम्हाला चौथ्या मजल्यावर यावं लागेल."

"अहो, कागद वर पाठवा, अंगठा घेऊन खाली आणा. मी इथे मारतो शिक्का."

"मीही तसंच केलं होतं," मी म्हटलं, आणि माझा कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी वाचला. बहुधा बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच एखादा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला असेल. मग माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचा शिक्का जाईल."

"माहीत आहे."

त्यांनी पॅड मिटलं, छत्री मिटली. रांगेतल्या माणसांना म्हणाले, "दुपारी या." आणि निघाले.

चार जिने. ते माझ्याहून जाड आहेत. ह्यांचं स्टूल आम्ही दोघांनी आळीपाळीने वापरलं. तिसऱ्या मजल्यावर ते धापा टाकत म्हणाले, "तुमच्या आणि त्या काकांच्या नादी लागून मी मरायचा," आणि पुढे चढले.

काकांचा कागद त्यांनी सवयीने भराभर वाचायला घेतला. काका म्हणाले, "साहेब, सावकाश. ऐकू येतंय मला, पण कळलंही पाहिजे." फटाफटांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. संथ, एकेक शब्द सुटा. खोलीचा क्रमांक आला तिथे काकांनी थांबवलं. "त्या बाईच्या भावाचं पत्र यायचं, त्यावर कायम पुढच्या गल्लीचा पत्ता असायचा. तरी मी इथेच आणून द्यायचो. तेही लिहा." लिहिलं. मग सुनेने बोट उलगडून धरलं, फटाफटांनी स्वतः शाई लावली, आणि अंगठा उमटला. एकही रेष पुसट नाही.

मग माझी पाळी. ते म्हणाले, "तुमचं काय, तुम्ही जाणत्या. करा सही."

"आधी शपथ द्या."

ते उठून उभे राहिले. मीही. काकांना उठता येत नव्हतं, त्यांनी पांघरूण छातीवरून खाली सारलं आणि मान उशीवरून उचलून धरली. मी मोठ्याने म्हटलं की २१ फेब्रुवारीच्या कागदावर 'माझ्यासमोर सही केली' असं मी लिहिलं ते खोटं आहे, सही माझ्यासमोर झाली नाही, मी वर गेले नाही. आवाज कुठेही अडला नाही. इतक्या लोकांना शपथ दिली, पण ती घेताना एवढी जड लागते, हे मला आज कळलं.

त्यांनी सही पाहिली. पेन टेकल्यापासून उचलेपर्यंत पाहिली.

२४ मार्च, सोमवार

तारीख. मालकाचा वकील आनंदाने उड्या मारायचा बाकी होता. आयुक्त खोट्या, म्हणून कागद खोटा, म्हणून शिवणवाली खोटी, असं त्याने अर्धा तास सांगितलं. शिवणवाली माझ्याकडे पाहत नव्हती.

अधिकारी बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही हो म्हटलं असतं, तर?"

"तर जमून गेलं असतं."

"मग?"

"मी बत्तीस वर्षं ती ओळ टाइप केलीय, बाई. तिचा अर्थ मला पाठ आहे. त्या दिवशी मी विसरले नव्हते, आळस केला होता. त्याची शिक्षा मला द्या. तिच्या आईचा काय दोष?"

त्यांनी जुना कागद बाद केला. नवा ठेवून घेतला, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. दुपारी त्यांनी आपला कारकून थेट काकांकडे पाठवला. तो तासाभराने आला तो चार पानं भरून. काकांनी तीस वर्षांतली पत्रं सांगितली होती, कोणाची, कुठून, कोणत्या महिन्यात. मालकाच्या वडिलांचं एक उघडं पोस्टकार्डसुद्धा, तिच्या आईच्या नावाने, भाडं पोचल्याचं.

वकील खाली बसला.

२ एप्रिल, बुधवार

निकाल लागला. जागा शिवणवालीचीच.

संध्याकाळी ती आली. गळ्यात टेप. 'नमस्कार' नाही, 'काकू' नाही. "उभ्या राहा." मी उभी राहिले. तिने खांदा मोजला, पाठ मोजली, दंड मोजला. आकडे तोंडातल्या तोंडात म्हणत होती. मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "मी फार बोलले तुम्हाला."

"बरोबर बोललीस."

"ते आहेच. पण फार बोलले." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

७ एप्रिल, सोमवार

माझं पत्र आलं. नियुक्ती रद्द. शिक्का आणि नोंदवही आठ दिवसांत जमा करायची. दोन महिने आणि चार दिवस आयुक्त होते मी.

वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? टेबलावर डोकं ठेवून रडले. पण पत्रात खाली एक परिच्छेद आहे. तो इथे जसाच्या तसा उतरवते: 'सदर प्रमाणन नियमबाह्य असल्याची बाब संबंधित आयुक्तांनी स्वतः शपथेवर कळवली. त्यांनी ती कळवली नसती, तर अन्य कोणत्याही पुराव्याने सिद्ध झाली नसती.'

ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. "अजून एकदा, सावकाश." तिसऱ्यांदा वाचताना ह्यांनी चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. बराच वेळ पुसत होते. काच इतकी काही घाण नव्हती.

उद्या सकाळी शिक्का जमा करायला जाणार आहे. हे म्हणाले, रिक्षा आणतो. मी नको म्हटलं. कचेरी मागच्या गल्लीने जवळ पडते. पण मी मुख्य रस्त्याने जाणार आहे, चालत.